मॅक्रो भिंगाची परीक्षा

‘लेन्स’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ मसूर असा आहे. दोन्ही बाजूंनीं फुगीर असलेली कांच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते, म्हणून तिला हें नांव पडलें. स्वयंपाकघरांतील एका क्षुद्र धान्याचें नांव घेऊन आलेल्या ह्या वस्तूनें मनुष्याला शनीचीं कडीं दाखविलीं आणि पाण्याच्या थेंबांतील जीवसृष्टीहि दाखविली. ह्याच कुळांतील एक भिंग अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून शिरूं लागलें आहे. फुलपाखराच्या पंखावरील खवले, जास्वंदीच्या केसरांवरील परागकण, आजीच्या नथींतील मोत्यांची गुंफण, अशा लहान वस्तूंचीं छायाचित्रें जवळून घेण्यासाठीं जें भिंग वापरतात, त्याला मॅक्रो लेन्स असें म्हणतात. खरें मॅक्रो भिंग वस्तूएवढीच प्रतिमा, म्हणजे १:१ ह्या प्रमाणाची, कॅमेऱ्याच्या आंतील संवेदकावर पाडूं शकतें. किडा एक सेंटिमीटर लांबीचा असेल, तर संवेदकावरहि तो एक सेंटिमीटर लांबीचाच उमटतो.

हें भिंग स्वस्त नाहीं. घरांतील एखाद्या तरुणानें तें मागितलें, तर वडील मंडळींनीं विचार करावा इतकी त्याची किंमत असते. तेव्हां घेतलेलें भिंग खरोखर तीक्ष्ण आहे कीं नाहीं, हें दुकानदाराची परत घेण्याची मुदत संपण्यापूर्वींच समजलें तर बरें. शिवाय दुसरें एक कारण आहे, आणि तें आमच्या मतें अधिक महत्त्वाचें आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर किंवा जुन्या पेटींत रुमालांत बांधलेल्या पोथ्या आणि मोडी कागदपत्रें पडून आहेत. त्यांच्या प्रती करून ठेवावयाच्या तर आज छायाचित्रासारखें सोपें साधन नाहीं. आणि त्या कामालाहि हेंच भिंग उत्तम. परंतु त्याची परीक्षा केली नाहीं आणि अक्षरें पुसट उमटलीं, तर पुढील पिढीच्या हातीं पोथीहि राहणार नाहीं आणि तिची वाचतां येण्याजोगी प्रतहि राहणार नाहीं.

‘परीक्षा’ ह्या शब्दाची फोड ‘परि’ अधिक ‘ईक्षा’ अशी आहे. सर्व बाजूंनीं पाहणें हा तिचा अर्थ. भिंगाची परीक्षा करावयाची ती ह्याच अर्थानें केली पाहिजे.

दोष कोणाचा?

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत, असलेली वस्तु न दिसण्याचीं आठ कारणें सांगितलीं आहेत. वस्तु फार दूर असणें, फार जवळ असणें, इंद्रियांत दोष असणें, चित्त ठिकाणावर नसणें, वस्तु अतिसूक्ष्म असणें, मध्यें आडपडदा असणें, प्रखर तेजापुढें ती लोपून जाणें आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणें, हीं तीं आठ होत. अति सामीप्याला टीकाकारांनीं डोळ्यांतील काजळाचा दृष्टांत दिला आहे. आठांमध्यें इंद्रियाचा दोष हें केवळ एक कारण आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कॅमेऱ्याच्या बाबतींत भिंग हें इंद्रिय. चित्र अस्पष्ट आलें कीं लोक एकदम भिंगाला नांवें ठेवतात. वस्तुतः उरलेल्या कारणांचीच झडती आधीं घेतली पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलानें नवें भिंग आणलें आणि अंगणांतील गुलाबाचें चित्र हातांत कॅमेरा धरून काढलें. वारा वाहत होता. चित्र धूसर आलें, तेव्हां भिंग परत करावयाचें ठरूं लागलें. त्याच्या काकांनीं तेंच भिंग तिपाईवर बसवून, खोलींत, टेबलावर ठेवलेल्या टपालाच्या तिकिटाचें चित्र काढावयास लावलें. तिकिटावरील बारीक रेघ न् रेघ उमटली. भिंग घरांतच राहिलें, हें सांगणें नकोच.

ह्याचें कारण सोपें आहे. १:१ ह्या प्रमाणांत वस्तु केसभर हालली, तर संवेदकावरील प्रतिमाहि केसभरच हालते. आणि मनुष्याचा केस जाडीनें मिलिमीटरचा विसावा ते दहावा हिस्सा असतो. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या मोठ्या संवेदकाची रुंदी ३६ मिलिमीटर असून तीत ६००० बिंदु असतात, म्हणजे एकेक बिंदु ०.००६ मिलिमीटरचा. केसभर हालचाल म्हणजे आठ ते सोळा बिंदूंचें सारवण झालें. मग त्या चित्रांत भिंगाची तीक्ष्णता कोठून दिसणार?

म्हणून परीक्षेचा पहिला नियम स्थैर्याचा. कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवावा. कळ बोटानें दाबूं नये. दोन सेकंद थांबून आपोआप चित्र घेण्याची जी सोय असते ती वापरावी. आंत आरसा असलेला कॅमेरा असेल तर तो आरसा आधींच उचलून ठेवण्याची सोय पाहावी. पंखा बंद करावा, आणि लांकडी तक्तपोशीवर चित्र काढावयाचें असेल तर मुलांना तेवढा वेळ खालच्या मजल्यावर धाडावें. फोकस साधतांना पडद्यावरील प्रतिमा मोठी करून पाहावी आणि हातानेंच साधावा. स्वयंचलित फोकसच्या चुकीचें पाप भिंगाच्या माथीं मारूं नये.

दुसरा नियम समांतरतेचा. सपाट वस्तु आणि संवेदक हीं एकमेकांस अगदीं समांतर नसतील, तर एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी धूसर येते. ह्यावर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. वस्तूच्या जागीं लहान सपाट आरसा ठेवावा आणि कॅमेऱ्यांतून पाहावें. भिंगाचें प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागीं दिसलें, कीं कॅमेरा सरळ बसला असें समजावें. मग आरसा काढून त्याच जागीं वस्तु ठेवावी.

तीक्ष्णता म्हणजे काय?

तीक्ष्णता हा एकच गुण नव्हे. त्यांत दोन गुण एकत्र असतात. जवळजवळ असलेल्या दोन बारीक रेघा निरनिराळ्या दाखविणें हा पहिला. त्याला विभेदनशक्ति म्हणतात. काळें तें काळें आणि पांढरें तें पांढरें ठेवणें हा दुसरा, तो काँट्रास्ट. एखादें भिंग अतिसूक्ष्म रेघा वेगळ्या दाखवितें, परंतु काळ्या रेघा करड्या आणि पांढरी जागाहि करडी करून टाकतें. दुसरें तितक्या सूक्ष्म रेघा दाखवीत नाहीं, पण दाखवितें त्या ठसठशीत. डोळ्याला पुष्कळदां दुसरेंच अधिक तीक्ष्ण भासतें. मोठे कारखानदार आपल्या भिंगांचे जे आलेख छापतात, त्यांत दर मिलिमीटरांत १० आणि ३० रेघांच्या जोड्या असतां काँट्रास्ट किती टिकतो तें दाखविलेलें असतें. मात्र हे आलेख बहुधा दूरच्या वस्तूचे असतात. जवळच्या वस्तूकरितां घ्यावयाच्या भिंगाची पारख केवळ त्यांवरून करणें म्हणजे मुलाचा गणिताचा पेपर पाहून त्याला संस्कृतांत गुण देण्यासारखें आहे.

विभेदनशक्ति मोजण्याकरितां १९५१ सालीं अमेरिकन हवाई दलानें ठरविलेला एक तक्ता अजून वापरांत आहे. त्यांत तीन आडव्या आणि तीन उभ्या रेघांचे संच क्रमाक्रमानें लहान होत जातात. सहा पायऱ्यांनीं रेघांची दाटी दुप्पट होते. ज्या संचांतील तीन रेघा तीन म्हणून ओळखूं येतात, तो शेवटचा संच ही भिंगाची मर्यादा. परंतु हा तक्ता घरच्या छपाईयंत्रावर छापून १:१ ह्या प्रमाणांत वापरूं नये. कारण हिशेबानेंच कळेल. कचेरींतील चांगलें लेझर यंत्र दर इंचांत ६०० ठिपके छापतें. एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून दोन ठिपके लागतात. म्हणजे दर मिलिमीटरांत कशाबशा १२ जोड्या. वर सांगितलेला संवेदक मात्र दर मिलिमीटरांत ८३ जोड्यांपर्यंत पाहूं शकतो. परीक्षकाहून विद्यार्थी सातपट हुशार, अशी ही स्थिति! असा तक्ता भिंगाची नव्हे तर शाई आणि कागद ह्यांचीच परीक्षा घेतो. ह्या कामासाठीं कांचेवर कोरलेला तक्ता लागतो, आणि तो महाग असतो.

घरगुती परीक्षेला निसर्गानें तक्ते फुकट पुरविले आहेत. बागेंत पडलेला फुलपाखराचा पंख घ्यावा. त्यावरील एकेक खवला सुमारें दशांश मिलिमीटर लांबीचा असतो. १:१ ह्या प्रमाणांत तो सोळासतरा बिंदु व्यापतो. खवल्यांच्या कडा वेगळ्या आणि स्वच्छ दिसल्या, तर भिंग उत्तम. पक्ष्याचें पीसहि चांगलें. पोलादी मोजपट्टी तिरपी ठेवून तिचें चित्र काढलें तर फोकस नेमका कोठें पडला आणि त्याच्या पुढें-मागें किती खुणा स्पष्ट आल्या, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

छिद्र लहान करण्याचा मोह

भिंगांतील छिद्र, ज्याला ॲपर्चर म्हणतात, तें लहान केलें कीं स्पष्टतेची खोली वाढते, हें छायाचित्रकारांना ठाऊक असतें. १:१ ह्या प्रमाणांत ही खोली फारच थोडी असते. नेहमीच्या हिशेबानें एफ २.८ ला ती मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी, एफ ८ ला जवळजवळ एक मिलिमीटर आणि एफ १६ ला सुमारें दोन मिलिमीटर. मुंगळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर येतात, तें ह्यामुळेंच. मग छिद्र एफ २२ पर्यंत लहान कां करूं नये?

ह्याचें उत्तर प्रकाशाच्या स्वभावांत आहे. प्रकाश ही लहर असल्यामुळें अरुंद छिद्रांतून जातांना ती पसरते, आणि बिंदूची प्रतिमा बिंदु न राहतां लहानशी तबकडी होते. जर्मनींतील येना येथें झाइस कारखान्याबरोबर काम करणाऱ्या एर्न्स्ट ॲबे ह्या शास्त्रज्ञानें १८७३ सालीं सूक्ष्मदर्शकाच्या बाबतींत हीच मर्यादा सिद्ध केली. कितीहि उत्तम कांच घासली तरी ही मर्यादा ओलांडतां येत नाहीं. जवळच्या छायाचित्रणांत ही अडचण दुप्पट होते. कारण १:१ ह्या प्रमाणाला एफ ८ हें छिद्र परिणामानें साधारणतः एफ १६ सारखें वागतें. प्रकाशहि चौपट कमी पोंचतो. हिरव्या प्रकाशाचा हिशेब केला तर त्या स्थितींत तबकडीचा व्यास सुमारें ०.०२१ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन बिंदु होतो. एफ २२ ठेवलें तर तो दहा बिंदूंच्या आसपास जातो आणि अत्युत्कृष्ट भिंगहि सामान्य भिंगासारखें दिसूं लागतें.

उलट पक्षीं, छिद्र पूर्ण उघडें ठेवलें तर भिंगाच्या घडणींतले दोष डोकें वर काढतात. म्हणून परीक्षेंत एकच चित्र काढून थांबूं नये. एफ २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी चढती मालिका काढावी; प्रकाश तोच, वस्तु तीच, फोकस तोच; केवळ छिद्र आणि त्याला अनुसरून वेळ बदलावी. बहुतेक मॅक्रो भिंगें एफ ४ ते एफ ८ ह्यांच्या दरम्यान आपलें उत्तम रूप दाखवितात. ह्याहून अधिक खोली हवी असेल, तर फोकस थोडथोडा पुढें सरकवून पुष्कळ चित्रें घ्यावींत आणि संगणकावर तीं एकत्र जुळवावींत. हा मार्ग आतां घरबसल्या उपलब्ध आहे.

कोपरे आणि कडा

मध्यभाग पाहून झाला म्हणजे चारी कोपरे पाहावे. चारी कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर तो त्या भिंगाच्या रचनेचा स्वभाव. परंतु तीन कोपरे स्वच्छ आणि एकच धूसर असेल, तर आधीं कॅमेरा समांतर आहे कीं नाहीं तें आरशानें पुन्हां तपासावें. नंतर भिंगाचा पल्ला बदलून चित्र काढावें. तरीहि तोच कोपरा धूसर राहिला, तर आंतील एखादी कांच तिरकी बसली आहे असें समजून भिंग बदलून मागावें. एकाच कारखान्यांतून निघालेलीं एकाच नांवाचीं दोन भिंगेंहि तंतोतंत सारखीं नसतात. म्हणून दुसऱ्यानें केलेल्या परीक्षेवर विसंबून आपल्या हातांतील भिंगाला उत्तीर्ण ठरवूं नये.

रंगांच्या कडांकडेहि लक्ष द्यावें. काळ्या अक्षराच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झांक दिसली, तर निरनिराळ्या रंगांचे किरण एका ठिकाणीं मिळत नाहींत, असें समजावें. तिरप्या मोजपट्टीच्या चित्रांत फोकसच्या पुढें एक रंग आणि मागें दुसरा, अशी ही झांक चटकन ओळखूं येते.

आणखी एक सावधगिरी. कॅमेरे स्वतःच चित्राला कृत्रिम धार लावून देतात. दोन भिंगांची तुलना करावयाची तर ही धार दोन्हींकडे बंद ठेवावी किंवा कच्चें, म्हणजे रॉ, चित्र घ्यावें. नाहींतर आपण भिंग पारखण्याऐवजीं कॅमेऱ्याची करामत पारखीत बसूं.

कामाप्रमाणें परीक्षा

आतां मुख्य मुद्दा. भिंग चांगलें कीं वाईट, ह्या प्रश्नाला ‘कशासाठीं?’ हें विचारल्यावांचून उत्तर नाहीं. किड्यामुंग्यांचीं चित्रें काढणाऱ्याला कोपरे धूसर आले तरी चालतात. तेथें पान किंवा माती असते. पोथीचें तसें नाहीं. तिच्या समासांतच एखाद्या पूर्वजानें टिपण लिहिलेलें असतें. पोथीच्या प्रतीसाठीं कोपरे हेच कसोटीचें स्थान.

ह्या बाबतींत जपानचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९५५ सालीं हाइन्झ किलफिट ह्यांचें ‘माक्रो-किलार’ हें भिंग निघालें. लहान कॅमेऱ्यांसाठीं खास मॅक्रो म्हणून तयार झालेल्या भिंगांत त्याला अग्रस्थान देतात. पुढल्याच वर्षीं, १९५६ सालीं, निकॉन कंपनीनें ‘मायक्रो-निक्कोर’ हें ५ सेंटिमीटर, एफ ३.५ चें भिंग काढलें, तें मुख्यतः पुस्तकें आणि कागदपत्रें सूक्ष्म फिल्मवर उतरविण्यासाठीं. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांना जें भिंग पुरत होतें, तें अनेक रेघांच्या गुंतागुंतीच्या जपानी अक्षरांना पुरत नव्हतें. आपल्या लिपीलाच जागणारें भिंग हवें, ह्या गरजेंतून तें जन्माला आलें. पुढें किडे आणि फुलें टिपणाऱ्यांनीं तें डोक्यावर घेतलें.

आपल्या देवनागरीचेंहि तसेंच आहे. मधली एक तिरपी रेघ गेली कीं ‘ष’ चा ‘प’ होतो, आणि सहांचें वस्त्र होऊन बसतें. डोक्यावरील एक टिंब गेलें कीं ‘देवं’ चें ‘देव’ होतें. द्वितीया जाऊन संबोधन येतें आणि वाक्याचा अर्थ फिरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण केली. तें काम अनेक हस्तलिखितांतील अशाच अक्षराअक्षरांची ताडणी करून झालें आहे. प्रतींत टिंबच उमटलें नाहीं, तर ताडणी कशाची करावयाची?

सुदैवानें येथें हिशेब आपल्या बाजूचा आहे. ३० सेंटिमीटर रुंदीचें पान ३६ मिलिमीटरच्या संवेदकावर बसविलें, तर दर मिलिमीटराच्या वांट्याला २० बिंदु येतात. अर्ध्या मिलिमीटरचें टिंब दहा बिंदु व्यापतें; एवढें पुरेसें आहे. ह्या अंतरावर एफ ८ ठेवलें तर पान किंचित फुगलेलें असलें तरी बिघडत नाहीं. आणि ह्या परीक्षेला लेझर यंत्रावर छापलेला कागदहि पुरतो, कारण आतां कॅमेऱ्याची भूक दर मिलिमीटरांत १० जोड्यांपुरतीच आहे. बारीक टायपांत देवनागरी मजकूर छापावा, तो कागद चौकटीच्या मध्यभागीं आणि चारी कोपऱ्यांत ठेवून चित्रें घ्यावींत, आणि प्रत्येक ठिकाणीं अनुस्वार, विसर्ग आणि जोडाक्षरें न अडखळतां वाचतां येतात कीं नाहीं तें पाहावें. हें वाचन घरांतील अशा व्यक्तीकडून करवावें, कीं जिला तो मजकूर आधीं ठाऊक नाहीं. ठाऊक असलेलें अक्षर नसलें तरी डोळ्याला दिसतें!

प्रत्यक्ष पोथी घेतांना उजेड दोन्ही बाजूंनीं तिरपा, सारख्या उंचीवरून द्यावा, म्हणजे पानावर चकाकी येत नाहीं. जीर्ण पान सपाट करण्यासाठीं कांचेनें दाबूं नये. तुटलेलें पान कोणतेंहि भिंग सांधीत नाहीं.

खर्चाविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतों. मॅक्रो म्हणून खास बनविलेलीं बहुतेक भिंगें मुळांतच तीक्ष्ण असतात, आणि एफ ८ ला जुन्या व नव्या, स्वस्त व महाग भिंगांतील अंतर पुष्कळच कमी होतें. म्हणून हातानें फोकस करावयाचें एखादें जुनें, पण वरील परीक्षेंत उतरलेलें भिंग घेण्यांत कमीपणा नाहीं. फुलें आणि किडे एवढाच छंद असेल, तर साध्या भिंगाच्या मागें जोडावयाच्या नळ्यांवरहि काम भागतें. पुढें लावावयाची एकेरी जोडकांच स्वस्त असते, परंतु ती कडांची धार घालविते. पोथीसाठीं ती घेऊं नये. वांचलेल्या पैशांतून भक्कम तिपाई आणि दोन चांगले दिवे घ्यावे.

परीक्षेचीं चित्रें टाकून देऊं नयेत. तारीख, भिंग, छिद्र, अंतर आणि उजेड एका वहींत टिपून ठेवावा, म्हणजे वर्षानंतर भिंग पडलें-झडलें तर तुलना करतां येते. आणि भिंग उत्तीर्ण झालें, कीं फुलपाखरांकडे वळण्यापूर्वीं माळ्यावरचा रुमाल खालीं काढावा. फुलपाखरें पुढल्या पावसाळ्यांतहि येतील. वाळवी आणि कसर मात्र आपल्या सवडीची वाट पाहत नाहींत.